रात्रीच्या दूरचित्रवाणी-गप्पांचा आरंभकाळ : संभाषण आणि त्याची आठवण

१

अमेरिकेतील रात्रीच्या दूरचित्रवाणी-गप्पांच्या आरंभकाळासंबंधी जे आठवणीवजा लेखन झाले आहे, त्याचा सूर बहुधा एकच असतो. त्या काळी माणसे पडद्यावर खरोखर बोलत असत, कार्यक्रम चालविणारा खरोखर ऐकत असे, काय घडेल ते कोणासच आधी ठाऊक नसे. पुढे मात्र हे सारे लोपले आणि नव्या चित्रपटांची नि पुस्तकांची जाहिरात तेवढी उरली, असा या लेखनाचा सारांश सांगता येईल. गतकाळाविषयीची ही हळहळ स्वाभाविक आहे. परंतु तिच्यात भाषिक व्यवहारासंबंधीचे एक विधान गृहीत धरलेले आहे. ते विधान असे की, आरंभकाळातील बोलणे हे ‘संभाषण’ होते. हे विधान कितपत टिकते, याची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

भाषेच्या अभ्यासकाने या करमणुकीकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, बोलीव भाषेचा इतका मोठा सार्वजनिक व्यवहार यापूर्वी क्वचितच झाला असेल. व्याख्यान, प्रवचन, नाटक यांतील भाषा मुखाने उच्चारलेली असली तरी तिची बांधणी पुष्कळदा लेखनाच्या वळणाची असते. येथे मात्र, निदान दाव्यापुरते तरी, दोन माणसांचे साधे बोलणे हेच प्रदर्शनाचे द्रव्य होते.

प्रथम संज्ञेचा विचार करू. या प्रकाराला मराठीत निश्चित नाव नाही, आणि हा अभाव बोलका आहे. ‘मुलाखत’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द मुळात केवळ ‘भेट’ या अर्थाचा; मराठीत त्याला प्रश्नोत्तराचा अर्थ येऊन चिकटला. ‘संवाद’ या शब्दाला तात्त्विक वजन आहे. ‘गप्पा’ हा शब्द जवळचा खरा, पण गप्पांना प्रेक्षक नसतो. जो जवळ बसला असेल तोही गप्पांत ओढला जातो. अमेरिकन प्रकारात हे तिन्ही अर्थ एकत्र आले आहेत आणि तिन्हींची परस्परांशी ओढाताण आहे. कार्यक्रम चालविणाऱ्यास मी पुढे ‘सूत्रधार’ म्हटले आहे. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना आटोपून निघून जातो, हा मात्र जागचा हलत नाही, एवढा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा.

२

घटनाक्रम थोडक्यात असा. एन. बी. सी. या प्रक्षेपण-संस्थेने मे १९५० मध्ये ‘ब्रॉडवे ओपन हाउस’ हा रात्री उशिराचा कार्यक्रम सुरू केला आणि तो ऑगस्ट १९५१ पर्यंत चालला. त्याचा प्रमुख सूत्रधार जेरी लेस्टर. पण त्यात गप्पा अशा फारशा नव्हत्या. विनोदी प्रवेश, नाच, गाणी यांचीच ती मेजवानी होती. त्याच संस्थेचे सिल्व्हेस्टर ‘पॅट’ वीव्हर यांनी १४ जानेवारी १९५२ रोजी सकाळसाठी ‘टुडे’ हा कार्यक्रम आणला. पुढे न्यूयॉर्कमध्ये १९५३ पासून स्थानिक स्वरूपात चाललेला स्टीव्ह ॲलन यांचा कार्यक्रम २७ सप्टेंबर १९५४ रोजी ‘टुनाइट’ या नावाने देशभर दिसू लागला. ॲलन जानेवारी १९५७ मध्ये त्यातून बाहेर पडले. त्यांच्या जागी निरनिराळ्या शहरांतील वार्ताहरांकरवी रात्रीचे जीवन दाखविण्याचा प्रयोग झाला, तो सहा-सात महिन्यांत फसला. जुलै १९५७ ते मार्च १९६२ हा जॅक पार यांचा काळ, आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंतची तीस वर्षे जॉनी कार्सन यांची.

या क्रमातील मधल्या अपयशाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पण माझ्या मते तेच उद्‌बोधक आहे. शहरे बदलली, स्थळे बदलली, वार्ताहर बदलले. पण रोज रात्री भेटणारा एक ठराविक बोलणारा नाहीसा होताच प्रेक्षकही दूर गेला. विषयापेक्षा बोलणारी व्यक्ती हाच या प्रकाराचा कणा आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

आता काळाचा हिशेब पाहा. ॲलन यांचा देशव्यापी कार्यक्रम रात्री साडेअकरा ते एक असा दीड तासाचा. आठवड्याचे पाच दिवस धरले तर साडेसात तास होतात. इतका मजकूर दर आठवड्यास लिहून, पाठ करून सादर करणे कोणत्याही लेखकवर्गाच्या आवाक्यातील नव्हते. नाटक लिहावे लागते, गाण्याची तालीम घ्यावी लागते. बोलण्याला मात्र दोन खुर्च्या आणि दोन माणसे पुरतात. तेव्हा ज्या उत्स्फूर्ततेचे गोडवे गाइले जातात, तिचा उगम कलेच्या एखाद्या सिद्धांतात शोधण्यापेक्षा वेळ भरून काढण्याच्या गरजेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. यामुळे तिचे मोल कमी होते असे नाही. कीर्तनातील आख्यानाला विस्तार आला तो काही अंशी रात्र घालविण्याच्या गरजेतूनच, असे म्हटल्याने कीर्तनाला उणेपणा येत नाही. मात्र कारण कोणते आणि परिणाम कोणता, याची गल्लत होऊ नये.

३

पहिल्या रात्रीच्या आरंभीचे ॲलन यांचे बोलणे सुदैवाने चित्रफितीवर शिल्लक आहे. त्याचा भावार्थ असा : वाईट बातमी आधीच सांगून टाकतो, हा कार्यक्रम कधी संपणारच नाही, आताच तुम्हांला थकल्यासारखे वाटत असेल तर एक वाजेपर्यंत थांबून पाहा. नंतर नाट्यगृहाचा उल्लेख करताना, येथे अमुक इतके लोक ‘बसतात’ असे म्हणण्याच्या ठिकाणी ते सुमारे आठशे लोक ‘झोपतात’ असे म्हणतात. विनोद साधाच आहे. एका क्रियापदाच्या जागी दुसरे ठेवले, एवढेच. पण यातील भाषिक कृती कोणती ते पाहिले पाहिजे. वक्ता कोणत्याही बाह्य विषयावर बोलत नाही. तो आपल्या बोलण्याविषयीच बोलतो आहे : त्याची लांबी, त्याची वेळ, त्यामुळे येणारी झोप. भाषेने भाषेकडेच वळून पाहण्याचा हा प्रकार आरंभापासूनच या कार्यक्रमांचा स्थायी गुण झाला.

हे बोलणे कोणाला उद्देशून आहे, हा दुसरा प्रश्न. येथे श्रोते एक नसून तीन आहेत : शेजारी बसलेला पाहुणा, नाट्यगृहातील प्रेक्षक आणि घरी अंथरुणावर पडून पाहणारा माणूस. यांपैकी तिसरा कधीच उत्तर देऊ शकत नाही, आणि सगळा व्यवहार तर त्याच्यासाठीच मांडलेला असतो. त्याच्या वतीने हसण्याचे काम नाट्यगृहातील प्रेक्षक करतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये ‘सायकायट्री’ या नियतकालिकात या एकतर्फी स्नेहाची मीमांसा केली आणि तीत ॲलन यांच्या कार्यक्रमाचाही विचार केला. प्रेक्षकाला आपण त्या व्यक्तीस ओळखतो असे वाटते. पण हा संबंध त्या व्यक्तीच्याच हाती असतो व त्यात परस्परांच्या देवघेवीने वाढ होऊ शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. कार्यक्रम ऐन भरात असताना, आठवणींचा मुलामा चढण्यापूर्वी केलेले हे निरीक्षण असल्यामुळे त्याचे महत्त्व विशेष आहे.

हॉर्टन व वोल यांनी ज्याकडे लक्ष दिले नाही अशी एक गोष्ट मराठी वाचकास सहज जाणवावी. इंग्रजीतील मध्यमपुरुषी सर्वनाम एकवचनी व अनेकवचनी एकच असते, आणि त्यात आदराचा भेदही नसतो. त्यामुळे ॲलन यांचे एकच ‘यू’ आठशे लोकांच्या सभेलाही लागू पडते आणि अंथरुणावरील एकट्या माणसालाही. तो माणूस ते ‘तू’ म्हणून ऐकतो. मराठी सूत्रधाराला ही सोय नाही. त्याला ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांतून निवड करावीच लागते. आणि सभेला ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ म्हटले की, त्या एकट्या श्रोत्याचा तो सभेचा एक घटक म्हणूनच स्वीकार करतो. नावांचेही तसेच. ‘जॅक’, ‘जॉनी’ असे पहिल्या नावाने हाक मारणे हा तिकडे जवळीक निर्माण करण्याचा मार्ग. कार्सन यांच्या आगमनाची एड मॅकमन यांनी दिलेली लांबलचक स्वरातील ललकारीही त्यांच्या पहिल्या नावाचीच होती. आपल्याकडे नुसते नाव उच्चारले तर उद्धटपणा वाटेल. आपण ‘ताई’, ‘भाऊ’, ‘काका’ असे नाते जोडतो, किंवा नावापुढे ‘राव’, ‘बाई’ लावतो. म्हणजे जवळीक साधतानाही वयाचे व मानाचे अंतर राखतो. तेव्हा हा प्रकार मराठीत जसाच्या तसा का उतरत नाही, याचे एक कारण सर्वनामव्यवस्थेतच दडलेले आहे.

ॲलन यांचा आणखी एक प्रयोग भाषाभ्यासकाने नोंदवावा असा आहे. वर्तमानपत्रात छापून आलेली वाचकांची संतप्त पत्रे ते त्याच संतापाच्या स्वरात मोठ्याने वाचून दाखवीत. शब्द बदललेले नसत. लेखनात जे गंभीर वाटे ते उच्चारात हास्यास्पद होई. स्वराघात, गती व पट्टी यांचा अर्थाशी किती निकटचा संबंध असतो, हे विद्यार्थ्यांना समजाविण्यास याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण.

४

जॅक पार यांच्या काळात बोलण्याला भावनेची धार आली. त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत गाजलेला प्रसंग शब्दनिषेधाचा आहे. १० फेब्रुवारी १९६० च्या कार्यक्रमात त्यांनी एक किस्सा सांगितला. स्वित्झर्लंडला जाऊ पाहणारी एक इंग्रज बाई राहण्याच्या जागेजवळ ‘डब्ल्यू. सी.’ आहे की नाही, असे पत्राने विचारते. ही आद्याक्षरे शौचकूपाची आहेत हे न कळल्याने उत्तर देणारा ती एका प्रार्थनामंदिराची समजतो, आणि तेथील गर्दीचे, अंतराचे व आसनांचे मोठ्या भक्तिभावाने वर्णन करतो. कार्यक्रम आधी ध्वनिचित्रमुद्रित होऊन नंतर दाखविला जात असल्याने प्रक्षेपण-संस्थेने पार यांना न कळविताच हा भाग गाळला.

या विनोदात एकही निषिद्ध शब्द उच्चारलेला नाही. खुद्द ‘डब्ल्यू. सी.’ हीच सभ्यतेखातर योजलेली आद्याक्षरे आहेत. म्हणजे सभ्य पर्यायावर बेतलेला विनोदही असभ्य ठरविण्यात आला. निषिद्ध वस्तूचा पर्यायवाचक शब्द काही काळाने स्वतःच निषिद्ध होतो, हा अर्थविकासाचा परिचित नियम. मराठीतही ‘परसाकडे जाणे’, ‘बाहेरची दिशा’, ‘शौचास जाणे’ अशी पिढ्यानुपिढ्या पर्यायांची माळ लागलेली दिसते; ‘शौच’ या मूळ ‘शुद्धी’वाचक शब्दाचे काय झाले ते सर्वांना ठाऊकच आहे. पार यांच्या किश्शात श्रोत्याला अर्थ स्वतः पुरवावा लागतो. आणि छाटणी करणाऱ्याने अर्थ पुरविला म्हणूनच त्याला कात्री चालवावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी, ११ फेब्रुवारी रोजी, पार यांनी प्रेक्षकांसमोर आपले म्हणणे मांडले, उपजीविकेचा याहून बरा मार्ग असलाच पाहिजे अशा अर्थाचे उद्‌गार काढले आणि ते निघून गेले. उरलेला कार्यक्रम त्यांचे सहकारी ह्यू डाउन्स यांनी पार पाडला. पार ७ मार्च रोजी परतले. त्यांचे पहिले वाक्य अशा आशयाचे होते की, मध्येच अडथळा आला त्यापूर्वी मी सांगत होतो तसे. यानंतर त्यांनी आपण तो बरा मार्ग शोधून पाहिला, पण सापडला नाही, अशी कबुली दिली. पंचवीस दिवसांच्या अनुपस्थितीला त्यांनी ‘बोलण्यातील अडथळा’ ठरविले, यातच त्या वाक्याचे सामर्थ्य आहे. रोजचे निरनिराळे कार्यक्रम म्हणजे एकच अखंड संभाषण, ही प्रेक्षकाच्या मनातील कल्पना त्यांनी एका वाक्यात मान्य केली. हॉर्टन व वोल ज्याला एकतर्फी संबंध म्हणतात, त्याची सूत्रधाराकडून आलेली ही पोचपावतीच म्हणावयास हवी.

५

आता मूळ विधानाकडे येऊ. पाहुण्याशी चालणारे बोलणे संभाषण होते काय? सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात संभाषणाचे जे लक्षण सांगितले, त्यात बोलण्याची पाळी कोणाची, तिची लांबी किती, तिच्यातील विषय कोणता, हे आधी ठरलेले नसते. रात्रीच्या गप्पांत या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी ठरलेल्या असत. विशेषतः कार्सन यांच्या काळी जी पद्धत रूढ झाली, तीत साहाय्यक मंडळी पाहुण्याशी आधी बोलून किस्से निवडून ठेवीत व सूत्रधारापुढे त्यांची टिपणे असत. मग ‘लहानपणी तुमच्या घरी काही गंमत घडली होती म्हणे’ असा प्रश्न विचारला जाई तेव्हा तो प्रश्न राहत नसे. उत्तर माहीत असून प्रश्न विचारणारे दोनच वर्ग, एक शिक्षकांचा व दुसरा वकिलांचा, असे आपण समजतो. त्यांत या सूत्रधाराची भर घालावयास हरकत नाही.

तथापि येथेच थांबणे अन्यायाचे होईल. वार्तामुलाखतीत प्रश्नकर्ता ‘अस्सं’, ‘खरं की काय’ यांसारखे प्रतिसाद गाळतो, कारण उत्तर आपल्यासाठी नसून श्रोत्यांसाठी आहे असे त्याला दर्शवावयाचे असते. जॉन हेरिटेज यांनी १९८५ मध्ये हे दाखवून दिले आहे. रात्रीच्या गप्पांचा सूत्रधार मात्र हसतो, चकित होतो, मान डोलावतो. म्हणजे संभाषणाची बाह्य चिन्हे तो जपतो, अंतर्रचना मात्र प्रयोगाची असते. यास्तव या प्रकाराला ‘संभाषणाचा प्रयोग’ म्हणणे मला युक्त वाटते.

खरी उत्स्फूर्तता दिसते ती अन्यत्र. आरंभीच्या एकट्याच्या भाषणात विनोद पडला, नाट्यगृह गप्प राहिले, की कार्सन त्या अपयशावरच काही बोलत. आणि पुष्कळदा मूळ विनोदापेक्षा या सावरण्यालाच अधिक हशा मिळे. हे आधी लिहून ठेवता येत नाही, कारण कोणता विनोद पडेल ते ठाऊक नसते. भाषा चुकते, अडखळते, आणि बोलणारा तिला सर्वांदेखत दुरुस्त करतो, ही गोष्ट रंगभूमीने लपविली आणि या कार्यक्रमांनी उघड्यावर आणली. आरंभकाळाचे श्रेय द्यावयाचे तर ते या ठिकाणी द्यावे.

६

अखेरीस पुराव्याचा प्रश्न. ॲलन यांच्या काळी दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून प्रत काढीत. १९५६ पासून चुंबकीय चित्रफीत आली. ती महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. ती पुन्हा वापरण्यात आलीही. कार्सन यांच्या पहिल्या दहा वर्षांचे बहुतेक चित्रण असे नाहीसे झाले. ग्राउचो मार्क्स यांनी त्यांचा परिचय करून दिला त्या पहिल्या रात्रीचे चित्रण उरलेले नाही, ध्वनी तेवढा ऐकावयास मिळतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये गायक हॅरी बेलाफाँटे यांनी आठवडाभर सूत्रधारपद सांभाळले. कृष्णवर्णीय कलावंताने त्या खुर्चीवर बसून मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्याशी बोलणे ही त्या वर्षातील साधी घटना नव्हती. एप्रिलमध्ये किंग यांचा आणि जूनमध्ये केनेडी यांचा खून झाला. त्या आठवड्याच्या चित्रणातील अगदी थोडा भाग उरला आहे.

तेव्हा आरंभकाळाविषयीच्या आठवणी इतक्या निर्विवाद का वाटतात, याचे एक कारण त्यांना खोडून काढू शकणारा पुरावाच पुसला गेला, हे आहे. या आठवणींत कोण वगळले जाते तेही पाहण्यासारखे आहे. १९५० च्या सुमारास फे इमर्सन ही अभिनेत्री स्वतःच्या नावाचा गप्पांचा कार्यक्रम चालवीत होती. पण आरंभकाळाची वंशावळ सांगताना ॲलन, पार, कार्सन असा पुरुषांचाच क्रम पाठ म्हटला जातो.

या चुकीत प्रस्तुत लेखकही सामील आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. अनेक वर्षे मी पदव्युत्तर वर्गात ॲलन यांचे पहिल्या रात्रीचे बोलणे ‘अनौपचारिक, निर्हेतुक बोलीचा नमुना’ म्हणून सांगत आलो. माझा आधार छापील आठवणींचा होता. एके वर्षी मूळ फीत वर्गात लावली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, निर्हेतुक बोलणारा माणूस हशा येण्यापूर्वीच हशासाठी थांबतो कसा? आम्ही ते विराम पुन्हा ऐकले. तिचे म्हणणे बरोबर होते. ते सैल वाटणारे बोलणे मोजूनमापून सैल केलेले होते. त्या वर्षीची टिपणे मी बदलली, पण आधीच्या तुकड्यांना जे शिकविले ते परत घेता येत नाही.

यातून पद्धतीविषयी एक नियम निघतो. आठवण हा श्रोत्याच्या मनावर उमटलेल्या ठशाचा पुरावा आहे. उच्चारलेल्या वाक्याचा नव्हे. दोन्ही अभ्यासास योग्य आहेत, परंतु एकाच्या जागी दुसरे ठेवता येणार नाही. हा नियम केवळ अमेरिकेपुरता नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांतून मराठी लेखक-कलावंत कॅमेऱ्यासमोर बोलते झाले. त्या बोलण्याविषयी आपणही आज प्रेमाने, आणि बहुधा आठवणीवरूनच, लिहितो. मराठीच्या बोलीव रूपाचा तो पुरावा जेथे जेथे शिल्लक असेल तेथे तो ऐकून, विराम व अडखळणे यांसह अक्षरशः उतरवून ठेवणे हे आपल्या विभागांचे काम आहे. एका वर्षी चार विद्यार्थ्यांनी एकेक मुलाखत उतरविली तरी पाच वर्षांत वीस होतील. ज्यांनी ते कार्यक्रम त्या वेळी पाहिले, ती पिढी आज आपल्यात आहे. तिची आठवण आणि मूळ ध्वनी ही दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची संधी फार काळ राहणार नाही.